सांगायचं राहिलेलं

सुवर्णाने थर्मासमधलं कोमट पाणी ओतलं आणि व्यासपीठाच्या कडेने पुढे होऊन कप वडिलांच्या, अण्णांच्या हातात दिला. माइकपाशी भिमाजीराव अजून बोलतच होते.

त्यांच्याकडे फक्त वक्त्याचा, म्हणजे अण्णांचा, परिचय करून द्यायचं काम होतं. त्यासाठी ते दोनदा चांदवडला घरी येऊन गेले आणि अण्णांनी चहाबरोबर अख्खं व्याख्यान त्यांना देऊन टाकलं. आता वक्ता राहिला बाजूला. मागच्या शतकातले अमेरिकन वकील जोसाया हेल यांचा जन्म, गरिबी, पहिला खटला, सगळं भिमाजीरावच गोदाकाठच्या श्रोत्यांना सांगत सुटले होते. ओहायो राज्याचं त्यांनी खेडं करून टाकलं.

सोमवारी अण्णांच्या घशाचं ऑपरेशन होतं. स्वरयंत्र काढणार होते. उभी हयात कोर्टात बोललेल्या माणसाचं हे शेवटचं बोलणं.

सुवर्णाने चिठ्ठी पाठवली. भिमाजीरावांनी ती वाचली.

"वेळ संपल्याची चिठ्ठी आलीय," ते हसून म्हणाले, "म्हणून हेलसाहेब राज्याचे खजिनदार कसे झाले, ते थोडक्यात सांगतो."

सुवर्णा अण्णांच्या कानाशी वाकली.

"मी थांबवते त्यांना."

"राहू दे. रंगलाय गडी," अण्णा घोगऱ्या आवाजात म्हणाले.

"मग तुम्ही काय बोलणार?"

अण्णांनी पाण्याचा घोट घेतला.

हेल न्यायाधीश झाले, वारले, कोर्टात त्यांची तसबीर लागली. मग शाल, श्रीफळ आणि शाल देणाऱ्यांचाही सत्कार. मागच्या रांगा उठू लागल्या.

टिपणं खुर्चीवरच ठेवून अण्णा माइकपाशी गेले.

"भिमाजीरावांनी सगळं सांगितलं. एकच राहिलं. शेवटी हेलसाहेबांचा आवाज गेला. तरी रोज कोर्टात जायचे. मागच्या बाकावर बसून नव्या पोरांचे युक्तिवाद ऐकायचे. कोणी चुकलं तरी मध्ये तोंड घालायची सोय नव्हती."

लोक हसले. उठलेले काही जण परत बसले.

"आधी फार चिडचिड झाली," अण्णा म्हणाले. "मग ऐकण्याची सवय लागली. तेही बरं असतं, असं घरच्यांना लिहून दाखवायचे."

एवढं बोलून त्यांनी हात जोडले.

भिमाजीराव सुवर्णाकडे सरकले.

"हे कुठल्या पुस्तकात आहे हो, ताई? मला नाही सांगितलं त्यांनी."

व्याख्यान तिनेच टाइप केलं होतं. त्यात हेल भर कोर्टात, बोलता बोलता कोसळून वारले होते.

सुवर्णाने थर्मासचं झाकण घट्ट लावलं.

"असेल कुठल्यातरी," ती म्हणाली.