कोणासाठी, ते लिहा

आवाजबाईंचं खरं नाव स्टुडिओत कुणाला आठवत नव्हतं, आणि काम सुटल्यावर तर ते विचारणारंही कुणी उरलं नाही. आधी नभोनाट्यांना आणि पुढे सिनेमांना त्यांनी जन्मभर आवाज पुरवले. बोलण्याचे नव्हेत, बाकीचे सगळे. दार करकरलं, पाखरू उडालं, कुणी वाळक्या पानांतून चालत आलं, की ते एका बंद खोलीत मायक्रोफोनसमोर बाईंनी केलेलं असायचं. पाखराच्या पंखांसाठी त्यांच्याकडे चामड्याचे जुने हातमोजे होते, पानांसाठी कॅसेटमधून उपसून काढलेल्या टेपचा गुंता. पडद्यावरची नायिका कितीही नाजूक असो, तिची पावलं वाजायची ती बाईंची. मग हे आवाज यंत्रात तयार मिळायला लागले. स्टुडिओच्या मालकांनी "आता तुम्हीही जरा आराम करा" असं गोड शब्दांत सांगून ती खोली मोकळी करून घेतली. चाकांच्या बॅगेत भरलेलं सामान बाईंबरोबर घरी आलं.

घरात दुसरं कुणी नव्हतं. लग्न राहून गेलं होतं. आईचं करता करता दिवस कुठे गेले ते कळलं नाही, आणि मग आईही गेली. कानांना कामाची सवय लागलेली, म्हणून बाई खुर्चीत बसून वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाचं ऐकत राहायच्या. आज कोण रागात आहे, कुणाच्या हातून चमचा निसटला, कोण अनवाणी फिरतंय, सगळं त्यांना कळायचं. त्या घरातल्या एकाचाही चेहरा मात्र त्यांनी धड पाहिलेला नव्हता.

बहीण लांबच्या शहरात होती. तिची मुलगी अधूनमधून फोन करायची. एकदा ती म्हणाली, "मावशी, कलामंडळ नव्या प्रकल्पांना अनुदान देतं. तू अर्ज का नाही करत?"

"मी? अगं, माझ्याकडे कसला प्रकल्प?"

"तुझ्याकडे नाही तर कुणाकडे असणार! थांब, मीच लिहून पाठवते."

भाचीने झटक्यात लिहून पाठवलंही. वर एक पुस्ती जोडली होती: अर्ज देण्याआधी मंडळाच्या सल्लागाराला भेटता येतं, फुकट, तेव्हा जाऊन ये. बाईंनी कपाटातली चांगली साडी काढली आणि गेल्या.

सल्लागार चाळिशीचा गृहस्थ होता. पूर्वी नाटकात कामं करायचा. आता काचेच्या खोलीत बसून इतरांच्या नाटकांचे अर्ज वाचायचा, आणि तेही आवाजाच्या चढउतारासकट. त्याने बाईंचा कागद मोठ्याने वाचायला घेतला. "ध्वनीच्या माध्यमातून मानवी अस्तित्वाच्या विविध पैलूंचा..." तो थांबला. "बाई, हे तुम्ही लिहिलंय?"

"भाचीनं."

"वाटलंच. नमनालाच घडाभर तेल गेलंय. हा कागद ठेवा बाजूला. तुम्हाला काय करायचंय ते तुमच्या तोंडून सांगा."

स्टुडिओत त्यांना कधी कुणी विचारलं नव्हतं; काय हवंय ते नुसतं सांगितलं जायचं. त्या अडखळत बोलायला लागल्या. एक अंधारी खोली. लोक येऊन बसतील. त्यांना एका घराचे आवाज ऐकू येतील. माणसांनी भरलेलं घर: नळ, भांडी, कुणीतरी कुणाला हाक मारतंय. मग त्यातला एकेक आवाज कमी होत जाईल. शेवटी...

"शेवटी?"

"शेवटी एकच माणूस उरेल," बाई म्हणाल्या, आणि पदराशी चाळा करत बसल्या.

सल्लागाराने विचारलं, "हे ऐकायला कोण येणार?"

"कोणीही. सगळ्यांसाठीच आहे."

"बाई, रागावू नका. 'सगळ्यांसाठी' लिहिलेला अर्ज मी रोज वाचतो. त्याचा अर्थ लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर कुणीच नाही, असा होतो. समिती हेच विचारेल. कोणासाठी करताय, आणि तुमच्यासोबत कोण आहे?"

"सोबत कुणी नाही."

हे वाक्य त्या अगदी सरळपणे बोलल्या होत्या, पण त्या काचेच्या खोलीत ते फार मोठ्याने वाजलं. सल्लागाराने पेन खाली ठेवलं. "मग अर्जाचं नंतर बघू," तो म्हणाला. "आधी माणसं शोधा. थोडीच चालतील. त्यांच्यासमोर काहीतरी करून बघा, काय होतं ते बघा, आणि मला येऊन सांगा."

घरी जाताना बाई मनातल्या मनात त्याच्यावर चिडल्या होत्या. माणसं शोधा म्हणे! माणसं काय बाजारात मिळतात? पण दुसरीकडे, आपलं बोलणं इतका वेळ कुणी ऐकून घेतलं त्याला किती दिवस झाले होते, हेही त्यांना नाकारता येईना.

घराजवळ एक वाचनालय होतं. सकाळी तिथे निवृत्त मंडळी वर्तमानपत्रं चाळत बसलेली असत, प्रत्येक जण आपापल्या पानाआड. इथे मंडळींना आवाज ऐकवू का, असं बाईंनी ग्रंथपालबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "आवाज? इथे? इथे 'शांतता राखा' अशी पाटी आहे हो!" मग स्वतःच हसल्या आणि मागची खोली उघडून दिली.

पहिल्या दिवशी जेमतेम पाचसहा जण आले, तेही बॅगेत काय आहे या कुतूहलाने. बाईंनी त्यांना डोळे मिटायला सांगितलं. परातीत वाटाणे फिरवून पाऊस पाडला. हातमोजे झटकून कबुतरं उडवली. "अरे, हे तर आमच्या खिडकीत बसतात तेच!" असं कुणीतरी ओरडलं आणि खोलीत हशा पिकला. एका आजींनी शिलाई मशीनची फर्माईश केली. एका निवृत्त कारकुनाला साहेबाच्या केबिनचं दार हवं होतं. ते वाजताच तो चक्क ताठ बसला. पुढच्या आठवड्यात त्याहून जास्त लोक आले. बाई घरी येऊन आरशासमोर उभ्या राहिल्या तेव्हा त्यांना आपला चेहरा जरा अनोळखी वाटला. हसून हसून गाल दुखत होते.

त्या मंडळींत एक घड्याळं दुरुस्त करणारे गृहस्थ होते. वाचनालयात सगळे त्यांना टिकटिकराव म्हणत. ते कोपऱ्यात बसायचे, काही मागायचे नाहीत. एकदा सगळे पांगल्यावर ते मागे राहिले.

"एक विचारू? नाही जमलं तरी चालेल."

"विचारा की."

"आमच्या हिच्या चालण्याचा आवाज काढता येईल?"

त्यांची पत्नी गेल्याला बरेच दिवस झाले होते. बाईंनी जास्त चौकशी केली नाही, फक्त कामाचं विचारलं. पायात काय असायचं? सपाता, मऊ तळाच्या. जमीन? फरशी. वजन? बारीकच होती, पण डावा पाय ओढत चालायची. बाईंनी बॅगेतून सपाता काढल्या, फरशीच्या तुकड्यावर उभ्या राहिल्या आणि चालायला लागल्या.

टिकटिकराव डोळे मिटून म्हणाले, "नाही. इतकी घाई नव्हती तिला."

बाई सावकाश चालल्या.

"पाय ओढायची, पण घासायची नाही. उचलायचा प्रयत्न असायचा."

बाईंनी पुन्हा केलं. आणि पुन्हा. त्यांचं सगळं अंग त्या न पाहिलेल्या बाईच्या पायात उतरलं होतं.

"दाराशी आली की थांबायची. एक श्वास. मग आत."

बाई चालल्या, थांबल्या, श्वास घेतला आणि एक पाऊल पुढे टाकलं.

टिकटिकरावांनी मान वर केली, दाराकडे बघितलं. तिथे ग्रंथपालबाईंची छत्री लटकत होती. ते उठले, "बास," म्हणाले, आणि चष्मा विसरूनच निघून गेले.

पुढच्या आठवड्यात ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही.

बाईंनी हे सगळं सल्लागाराला जाऊन सांगितलं. सल्लागार खुर्चीत पुढे सरकला. "बाई, हाच तुमचा प्रकल्प! ज्यांचं माणूस गेलंय त्यांना त्या माणसाचा आवाज. हे जसंच्या तसं लिहा, त्या गृहस्थांच्या प्रसंगासकट. समितीत एकाचेही डोळे कोरडे राहणार नाहीत."

"पण ते त्यांचं आहे."

"बरोबर आहे. त्यांची परवानगी घ्या. त्यांनी नाही म्हटलं तर नाही घालायचं, एवढं साधं आहे." मग तो हळू आवाजात म्हणाला, "पण त्याशिवाय अर्ज लंगडा पडेल, हे मी आत्ताच सांगून ठेवतो."

चष्मा परत करायचं निमित्त होतंच. टिकटिकरावांचं दुकान एका इमारतीच्या पोटमाळ्यावर होतं, अरुंद जिन्याने वर जायचं. डोळ्याला भिंग लावून ते एका मनगटी घड्याळावर वाकले होते. भिंतीवर घड्याळंच घड्याळं, आणि प्रत्येकाची वेळ वेगळी. बाईंनी चष्मा पुढे ठेवला.

"मी तुम्हाला दुखावलं का?"

"छे. तुम्ही अगदी हुबेहूब केलंत." त्यांनी भिंग काढलं. "तिथेच घोटाळा झाला. घरी गेलो आणि वाट बघत बसलो. इतके दिवस शांततेची सवय झाली होती हो. त्या दिवसानंतर घर पुन्हा पहिल्या दिवसासारखं झालं."

अर्जाची गोष्ट काढायला जीभ रेटत नव्हती, तरी त्यांनी काढली. लपवून ठेवणं त्याहून वाईट झालं असतं. टिकटिकरावांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे आमच्या हिचं चालणं समितीपुढे जाणार."

"नाव नसेल."

"नावाचं काय घेऊन बसलात? चालणं तिचंच ना." त्यांनी मान हलवली. "नको. मला ते तुमच्या-माझ्यातच राहू दे."

"बरं," बाई म्हणाल्या. त्या 'बरं'नंतर पटवायला म्हणून त्यांनी एक शब्दही काढला नाही.

अर्ज त्यांनी स्वतः लिहिला, भाचीची मदत न घेता. वाचनालयातली मंडळी, परातीतला पाऊस, शिलाई मशीन, साहेबाचं दार. 'कोणासाठी' या प्रश्नापुढे लिहिलं: जे घरी एकटे असतात आणि सकाळी वर्तमानपत्राआड बसतात त्यांच्यासाठी. सल्लागाराने वाचलं आणि म्हणाला, "प्रामाणिक आहे." बाईंना जे कळायचं ते कळलं.

नकार आला. कारण विचारायला त्या काचेच्या खोलीत गेल्या तेव्हा सल्लागाराने काही आडपडदा ठेवला नाही. समितीला विषय आवडला होता, पण मन हलवणारं ठोस उदाहरण नाही, असा शेरा होता. "पुढच्या वर्षी पुन्हा करा. मी आहेच," तो म्हणाला. लिफ्टपर्यंत सोडायलाही आला. तेवढ्यात त्याला आतून हाक आली. बाहेरच्या बाकावर पुढचा अर्जदार, एक लांब केसांचा चित्रकार, कागद छातीशी धरून बसला होता. सल्लागाराने त्याच मायेने त्याला "या, या," म्हटलं. बाईंना जरासं लागलं. मग त्यांना स्वतःचंच हसू आलं. तो त्या माणसाचा धंदाच होता, आणि तो ते काम मन लावून करत होता.

खाली येऊन त्यांनी भाचीला फोन लावला. "अगं मावशी, असू दे गं! एवढं काय मनाला लावून घेतेस? मी मीटिंगमध्ये आहे, नंतर करते हं," असं म्हणून तिने फोन ठेवला. फोन हातात धरून बाई फुटपाथवर उभ्या राहिल्या. वाईट बातमी आपल्याजवळ आहे आणि ती द्यायला कुणी नाही, हे नकारापेक्षा जड जात होतं.

पाय घराकडे वळले नाहीत. त्या पोटमाळ्याचा जिना चढल्या.

टिकटिकरावांची दाराकडे पाठ होती. मागे न वळताच ते म्हणाले, "या बाई. स्टूल रिकामंच आहे."

"न बघता कसं ओळखलंत?"

"जिन्यावर. गेल्या वेळीही वळणावर तुम्ही एका पायरीवर थांबला होतात. आणि पुढचा पाय तेव्हाही उजवा."

बाई स्टुलावर टेकल्या. किती नायिकांच्या, किती खलनायकांच्या चाली त्यांनी चालून दाखवल्या होत्या. आपल्याला स्वतःची अशी काही चाल असेल, हे कधी मनातच आलं नव्हतं.

"नाही मिळालं," त्या म्हणाल्या.

"माझ्यामुळे?"

"नाही हो. त्यांचे नियम वेगळे असतात."

"तुम्हाला आवाज काढता येतात," टिकटिकराव म्हणाले, "थापा मारता येत नाहीत."

मग ते पुन्हा घड्याळावर वाकले. बाई ऐकत बसल्या. भिंतीवरची घड्याळं आपापल्या वेळेने चालत होती. बाईंनी तिथे बराच वेळ काढला, तेवढ्या वेळात दोन गिऱ्हाइकं येऊन गेली. वाचनालयात या असं बाईंनी म्हटलं नाही, आणि येतो असं टिकटिकरावांनीही म्हटलं नाही. बाई निघाल्या तेव्हा त्यांनी फक्त, "जपून उतरा, खालची पायरी झिजली आहे," एवढं सांगितलं.

बाई उतरायला लागल्या. आज त्या ऐकत उतरत होत्या. वळणावर पाय आपोआप एका पायरीवर थांबला, आणि मग उजवा पुढे पडला. रस्त्यावर संध्याकाळची गर्दी सुरू झाली होती, इतक्या पावलांत स्वतःची पावलं वेगळी काढणं त्यांनाही कठीण होतं. त्या बसथांब्यापर्यंत मान खाली घालून चालत राहिल्या, ती पावलं काही क्षण सापडत होती, पुन्हा हरवत होती.