नव्वद दिवसांचा नियम

टक्कूचं खरं नाव आता फक्त नोकरीच्या अर्जांवर उरलं होतं. लहानपणी कुणी विचारलं, उद्या खेळायला येशील ना, की ती थोडा विचार करून म्हणायची, “सत्तर टक्के.” तेव्हापासून ते नाव चिकटलं ते चिकटलंच. मोठी होऊन ती विम्याचं गणित शिकली, पाच अवघड परीक्षा पास झाली आणि सव्विसाव्या वर्षी ॲक्च्युरियल ॲनालिस्टची नोकरी शोधत घरी बसली.

ही नोकरी म्हणजे नक्की काय, हे घरात कुणाच्याही डोक्यात शिरलं नव्हतं. कोणत्या वयाची किती माणसं वर्षभरात मरतात याचा हिशेब मांडायचा, म्हणजे विमा आणि पेन्शन देणाऱ्या कंपन्यांना पुढचा अंदाज येतो, असं तिने चारदा समजावलं होतं. आईने त्यातलं ‘मरतात’ एवढंच ऐकलं आणि पाहुण्यांना “विम्याचं काहीतरी शिकलीये” असं मोघम सांगायला सुरुवात केली. शेजारच्या काकू मात्र एका दुपारी हळूच येऊन सासूबाईंचं वय सांगून गेल्या. अजून अकरा वर्षं धरायला हरकत नाही, असं टक्कूने सांगितल्यावर त्या चहा अर्धा टाकून उठल्या.

नोकरी शोधायचं कामही टक्कूने शिकल्याबरहुकूम केलं, म्हणजे तक्ता मांडून. अर्ज पाठवला तो त्याचा जन्म, नकार आला तो मृत्यू, आणि मधले दिवस हे आयुष्य. प्रश्न होता तो उत्तरच न देणाऱ्यांचा. त्यांच्यासाठी तिने नियम केला: नव्वद दिवस वाट पाहायची, मग समोर ‘मृत’ असं लिहून मोकळं व्हायचं. दोन वर्षांत एकशे त्रेचाळीस अर्ज झाले. सहा मुलाखतीनंतर गेले, एकेचाळीस सरळ नकाराने गेले आणि शहाण्णव नुसतेच गप्प राहून गेले. तक्ता इतका देखणा झाला होता की तो पाहून कुणीही तिला नोकरी दिली असती, पण तो पाहायला मागणार कोण?

शेवटी काकांनी तोडगा काढला. काकांचं गाद्यांचं दुकान होतं आणि गल्ल्यावर बसायला घरचं माणूस हवं होतं. येत्या एक तारखेपर्यंत काही जमलं तर ठीक, नाहीतर दुकानात यायचं, असं ठरलं. टक्कूने मान डोलावली. तिला गाद्यांचा राग नव्हता. पण रात्रंदिवस घोकलेलं सगळं उशांच्या खोळी मोजण्यात वाया जाणार, या विचाराने तिला रडू यायचं, आणि ते ती आंघोळीच्या वेळी उरकून घ्यायची.

एक तारखेला आठ दिवस असताना एकशे चव्वेचाळिसाव्या अर्जाला बोलावणं आलं. पेन्शन देणारी मोठी कंपनी होती. याच कंपनीला तिने दोन वर्षांपूर्वी सतरावा अर्ज पाठवला होता आणि नियमाप्रमाणे तो केव्हाच मेला होता.

मुलाखतीआधी तासाभराची परीक्षा होती. काचेच्या खोलीत दोन संगणक, एक पाण्याचं पिंप आणि पानांवर धूळ साचलेलं एक रबराचं झाड. दुसऱ्या खुर्चीवर टाय बांधलेला एक मुलगा होता. काम सोपं होतं: नऊ हजार पेन्शनरांची यादी दिलेली, त्यावरून गेल्या वर्षीचं मृत्यूचं प्रमाण काढा. टायवाल्याने वीस मिनिटांत साडेसात टक्के असं उत्तर दिलं आणि पिंपातलं पाणी पीत बसला.

टक्कूचंही उत्तर साडेसात टक्केच येत होतं. ती लिहिणार, तेवढ्यात तिचं तारखांकडे लक्ष गेलं. वर्षभरात सहाशे बाहत्तर माणसं गेली होती, आणि त्यातली तीनशे बारा एकाच दिवशी. वेगवेगळ्या गावांत, वेगवेगळ्या वयांची, एकाच तारखेला. भूकंप नाही, साथ नाही. तिने शेजारचा रकाना पाहिला. पेन्शनरांनी आपण जिवंत असल्याचं पत्र दरवर्षी भरून पाठवायचं असतं, आणि या तीनशे बारा जणांचं पत्र आलं नव्हतं. मुदत संपून नव्वद दिवस झाले त्या तारखेला ते सगळे एकदम वारले होते.

ही लबाडी तिला ओळखीची होती. घरी तिने स्वतः शहाण्णव वेळा हेच केलं होतं. साडेसात लिहिलं की काम फत्ते, आणि समोर एक तारीख आणि गाद्यांचे गठ्ठे दिसत होते. तिने तारखांचा रकाना पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत मोजला. मग तिने लिहिलं: नक्की मेलेले चार टक्के, तीनशे बारा जणांचं माहीत नाही.

मुलाखतीला तिघं होते. भरतीच्या बाई, पेन्शन विभागाचे साहेब आणि मुख्य ॲक्च्युअरी, ज्यांच्या स्वेटरचं एक कोपर उसवलं होतं. बाईंनी सुरुवात केली: पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता? टक्कूने प्रामाणिकपणे सांगितलं की तिच्या वयाची माणसं पाच वर्षांनी जिवंत असण्याची शक्यता साडेनव्व्याण्णव टक्के आहे, त्यापलीकडे बोलायला पुरेशी माहिती नाही. बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि ते चांगलं दिसत नव्हतं.

मग साहेबांनी उत्तरपत्रिका पुढे सरकवली. नव्वद दिवसांचा नियम त्यांनी स्वतः केला होता. त्या नियमामुळे विभागाचं खर्चकपातीचं वर्षाचं उद्दिष्ट पूर्ण झालं होतं, हे त्यांनी अभिमानाने सांगितलं. पत्र येत नाही म्हणजे माणूस नाही, यात न कळण्यासारखं काय आहे, असं त्यांनी विचारलं.

“ती माणसं जिवंत आहेत, हे तुम्हाला कसं माहीत?” मुख्यांनी विचारलं.

“मला माहीत नाही, सर. पण तुम्हालाही माहीत नाही. आणि तुम्ही त्यांची पेन्शन थांबवलीये.”

साहेब म्हणाले, कुठेतरी रेघ ओढावीच लागते.

“मीही ओढली होती,” टक्कू म्हणाली. आता गेलंच आहे सगळं, तर सांगून टाकावं, असं तिला वाटलं. तिने तक्त्याची सगळी हकिकत सांगितली. “उत्तर येत नाही याचा राग यायचा, म्हणून मी त्यांना मारून टाकत होते. तुमची कंपनीही त्यात आहे. सतरावा नंबर. माझ्या हिशेबाने तुम्ही पावणेदोन वर्षांपूर्वी वारलात.”

साहेबांचा चेहरा पडला. बाईंनी टेबलावरचा कागद उलटा केला. मुख्यांनी तेवढं विचारलं की तो तक्ता बघायला मिळेल का, आणि तिने घरी जाऊन पाठवून दिला.

पुढे सगळं चिडीचूप. एक तारीख आली आणि टक्कू दुकानात बसली. तिथे तिने काकांना पहिल्या आठवड्यातच घाम फोडला. एक आजोबा दहा वर्षांच्या गॅरंटीची महागडी गादी घ्यायला आले होते. त्यांचं वय विचारून टक्कू म्हणाली, “तुम्हाला पाच वर्षांची पुरेल.” काकांनी कपाळावर हात मारला. आजोबांनी मात्र ईर्ष्येने पंधरा वर्षांचीच घेतली, आणि काकांनी दुसऱ्या दिवसापासून म्हातारी गिऱ्हाइकं मुद्दाम तिच्याकडे पाठवायला सुरुवात केली.

नव्वदावा दिवस उजाडला. टक्कूने तक्ता उघडला, एकशे चव्वेचाळिसाव्या ओळीवर आली आणि तशीच थांबली. ‘मृत’ लिहायला हात धजेना. तिने ‘माहीत नाही’ असं लिहिलं. मग मागे जाऊन शहाण्णव ओळींवर तेच लिहिलं. त्याने नोकरी लागणार नव्हती, पण बरं वाटलं.

त्र्याण्णवाव्या दिवशी मुख्यांचा फोन आला. उशिराबद्दल त्यांनी माफी मागितली. तिला घ्यायचं त्यांनी पहिल्याच दिवशी ठरवलं होतं, पण आधी तीनशे बारा जणांचा शोध घ्यायचा होता, आणि मग भरती विभागाने घोळ घातला. तिथल्या नियमाप्रमाणे नव्वद दिवस हालचाल नसलेला अर्ज आपोआप बंद होतो. कालपासून ते तिचा अर्ज जिवंत करायच्या मागे होते. त्यासाठी आता तिनेच एक पत्र द्यायला हवं होतं, की मी आहे आणि मला अजून नोकरी हवी आहे.

“देते, सर,” टक्कू म्हणाली. फोन ठेवून ती गाद्यांच्या गठ्ठ्यावर बसली आणि भर दुकानात, आंघोळीची वेळ नसताना, मनसोक्त रडली. काकांनी गिऱ्हाइकाला सांगितलं, काही नाही, नोकरी लागलीये.

ती रुजू झाली त्या दिवशी कार्यालयात समारंभ होता. तीनशे बारांपैकी दोनशे एकाहत्तर जण धडधाकट सापडले होते, एकोणीस खरंच गेले होते. वर्षभरात मृत्यूचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आणल्याबद्दल पेन्शन विभागाच्या साहेबांचा सत्कार झाला. त्यांनी भाषणात सांगितलं की आपला कायम माणसांवर विश्वास होता. टक्कूने टाळ्या वाजवल्या, कारण सगळेच वाजवत होते.

उरलेले बावीस जण सापडत नव्हते. त्यांची यादी टक्कूच्या टेबलावर आली. पहिलं नाव एका निवृत्त शिक्षिकेचं होतं, वय एक्क्याऐंशी. पत्ता जुना, फोन बंद. टक्कूने जुन्या पत्त्यावरच्या घरमालकाला गाठलं, त्याच्याकडून मुलीचा नंबर मिळवला, आणि चौथ्या फोनला बाई स्वतः बोलल्या. आवाज खणखणीत होता.

टक्कूने कंपनीचं नाव सांगितलं.

“अगोबाई,” बाई म्हणाल्या, “सात महिने काहीच नाही तुमच्याकडून. पैसे नाहीत, पत्र नाही. फोन केला तर गाणं वाजत राहायचं. मला वाटलं, कंपनीच गेली. वाईटही वाटलं हो, इतक्या वर्षांचा संबंध. मुलीकडे येऊन राहिले मग, आणि दोन मुलांच्या शिकवण्या धरल्या.”

“नाही, आजी. आहोत आम्ही,” टक्कू म्हणाली. “चूक आमची होती.”

“असू दे. आहात ना, झालं तर मग,” बाई म्हणाल्या. “पण काय गं, जिवंत असल्याचं पत्र दरवर्षी मीच का पाठवायचं? यंदापासून तुम्हीही पाठवत जा.”