लोहाराच्या हातोडीचा हुकूम

मित्रांनो, मी एक जुनी हातोडी आहे. हातोडी म्हटलं की तुम्हाला भिंतीत खिळा ठोकणारी आठवेल. ती माझी धाकटी चुलत बहीण. मी बेटेगावच्या लोहाराची हातोडी, आणि माझा हुकूम मोठमोठे घण मानत आले आहेत!

पुंजाराम लोहारांनी मला रेल्वेच्या मोडीत निघालेल्या रुळापासून घडवलं आणि धामणीच्या लाकडाचा दांडा बसवला. त्यांच्यानंतर मी त्यांच्या मुलाच्या, खंडेरावांच्या हाती आले. खंडेराव सांडशीत तापलेलं लोखंड धरून ऐरणीवर ठेवत आणि माझ्याकडून त्यावर हलकेच टिंग करवून घेत. टिंग म्हणजे ‘इथे मार’. लगेच समोरून घण धम्म करून तिथेच पडे. ऐरणीच्या कडेला मी टिणटिण वाजले, की ‘आता थांब’. मग घणाने थांबायचं. त्यात चूक म्हणजे धरणाऱ्याची बोटं गेलीच.

तो घण मारायची खंडेरावांची बायको, रंभाबाई. काष्टा खोचून ती उभी राहिली, की पैलवानही दोन पावलं मागे सरत. आम्ही तिघांनी तीस वर्षांत शेतकऱ्यांचे विळे, कोळ्यांच्या होड्यांचे खिळे आणि पुढे तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम निघाल्यावर तिथल्या मजुरांच्या पहारी, सगळं केलं. माल हाती आला की लोक घणाचं कौतुक करत. मला कोणी विचारत नसे. खोटं कशाला बोलू, मला राग यायचा.

माघात विश्वकर्मा जयंती आली, की बेटेगावात नुसती धमाल. सफाळ्यापासून, वैतरणेपासून लोहार येत. तांबट घासूनपुसून लखलखीत हंडे मांडून बसत. आम्हा हत्यारांना आंघोळ, हळदकुंकू, झेंडूची माळ! पूजा झाली की सगळ्यांसमोर एक जोडी मानाचा कोयता घडवी आणि तो देवापुढे ठेवला जाई. एकोणीसशे सहासष्ट साली तो मान खंडेराव आणि रंभाबाईंना मिळाला.

जयंतीला आठ दिवस होते. सराव चालला होता. सफाळ्याचे बन्सी लोहार बघायला आले होते. मी कडेला टिणटिण वाजले, खंडेराव लोखंड मागे घेऊ लागले, आणि घण थांबलाच नाही! खंडेरावांची बोटं केसाभराने वाचली. माझा दांडा मात्र कडकन मोडला.

“वयनीला ऐकू येत नाय, दादा,” बन्सी म्हणाले. “मी मघाधरनं बघतोय. यंदा घनावर आमच्या वामनला घ्या. तरना पोर हाय.”

मी जमिनीवर पडल्या पडल्या शरमेने मेले. तीस वर्षं तिच्या कानाशी टणटण करणारी कोण? मीच ना! तिचे कान मीच नेले होते आणि आता तिचा मानही माझ्यामुळेच जाणार होता.

रंभाबाईला बन्सींच्या ओठांवरूनच सारं कळलं. तिने घण खाली ठेवला.

“तीन वरसं झाली, मला हातोडीचा आवाज येत नाय,” ती म्हणाली. “मी तिला बघून मारते. तीन वरसांत एक तरी घाव चुकला काय? आज भावजी मधी येऊन उभं राह्यलं. हातोडी दिसलीच नाय.”

खंडेरावांनी तिच्यासमोर येऊन विचारलं, “मंग मला सांगितलं का नाय?”

“सांगितलं असतं तर तुमी घन काढून घेतला असता,” ती म्हणाली, आणि एवढी खमकी बाई, पण तिचे डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी खंडेरावांनी मला नवा दांडा बसवला आणि त्याला पांढराफेक चुना फासला. वामनचं नाव पुन्हा निघालं नाही.

जयंतीला ऐरणीभोवती ही गर्दी! खंडेराव ओरडले, “मधी कोन येव नका!” बन्सी स्वतः हात पसरून गर्दी मागे रेटत होते. “सरा रे, वयनीला हातोडी दिसू द्या!” असं म्हणत त्यांनी एका जाडजूड तांबटाला त्याच्याच हंड्यात बसवलं. हशा पिकला. पण भाता फुंकला गेला, लोखंड लाल झालं, आणि सगळे चिडीचूप झाले.

टिंग, धम्म. टिंग, धम्म. तिची नजर माझ्यावरून हलत नव्हती. शेवटी मी कडेला टिणटिण वाजले. वर गेलेला घण हवेतच थांबला. खाली आलाच नाही! लोकांनी टाळ्यांचा नुसता कडकडाट केला.

आता लोखंड लाल आहे तोवर त्यावर घराण्याची खूण असलेली चंद्रकोर उमटवायची होती. ठशावर हा शेवटचा घाव कारागिराने स्वतःच्या हातोडीने घालायचा, अशी रीत. खंडेरावांनी ठसा कोयत्यावर धरला आणि मला पुढे केलं.

“घे,” ते म्हणाले. “घाव तुझा हाय.”

तीस वर्षांत त्या हाताने मला पहिल्यांदा उचललं. घणाची सवय असलेल्या तिला मी अगदीच हलकी वाटले असणार. ती मला तळहातावर तोलून हसली. “एवढीशी हाय ही! आन एवढा हुकूम चालवत व्हती?”

मित्रांनो, मी लोखंडाची, तरी विरघळले. चंद्रकोर एका घावात उमटली.

मला वापरून झालं की पुसा, तेलाचा हात लावा, ओलीत टाकू नका, एवढं तर मी सांगणारच. पण त्याहून मोठी विनंती निराळी आहे. तुमच्या घरीही कामं करून करून कुणाचे कान थकले असतील. त्यांना मागून हाका मारून वैतागू नका. चार पावलं चाला, त्यांच्यासमोर जाऊन उभे राहा, आणि मग बोला.