चांदी बकरीनं वाचलेली दहा पुस्तकं

रविवार असूनही तांड्याच्या शाळेत पाय ठेवायला जागा नव्हती. कॉम्प्युटरच्या खोलीत बाया, बापे, कडेवरची लेकरं, आणि ज्यांना आत शिरता आलं नाही ते खिडकीच्या गजांना लटकलेले. कॉम्प्युटरला झेंडूचा हार घातला होता, माऊसला हळदकुंकू वाहिलं होतं. समोर मुख्याध्यापकांच्या खुर्चीत अक्षरबाबा डोळे मिटून बसले होते. कीबोर्डवर शाळेचा कॉम्प्युटर ऑपरेटर संजय, बाबांचा पट्टशिष्य.

"नाम बोल, बेटा," बाबा म्हणाले.

"पूनमसिंग. सातवी."

"ताबीज?"

"हाये गळ्यात."

"किताबें कितनी?"

"दहावं कालच झालं."

बाबांनी ताबीज धरून पडद्याला टेकवला, ओठांतल्या ओठांत काही पुटपुटले आणि एकदम गरजले, "प्रकट हो, माँ!" त्याच क्षणी पडद्यावरची पूनमसिंगची लाल ओळ हिरवीगार झाली. खोलीभर हात जोडले गेले. सुखीबाई म्हातारीनं तर कॉम्प्युटरवरून हात ओवाळून कानशिलांवर बोटं मोडली.

दाराशी उभ्या सुहासिनी मॅडमनी कपाळाला हात लावला. ओळ हिरवी का होते, हे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. तो तक्ता त्यांनीच बनवला होता.

कापसाचे भाव पडलेली ती वर्षं. राळेगाव तालुक्यातल्या त्या तांड्यात आशा म्हणून जी काय उरली होती, ती पोरांच्या शिक्षणावर. यवतमाळच्या कारकुनाच्या घरात वाढलेल्या सुहासिनीबाई रोज एसटीनं धक्के खात यायच्या. मुलांनी धड्याबाहेरचं काही वाचावं म्हणून त्यांनी कॉम्प्युटरवर एक साधा तक्ता मांडला. पोराचं नाव, पुस्तकाचं नाव, किती झाली त्याचा आकडा. आकडा दहा झाला की ओळ आपोआप हिरवी, तोवर लाल. पोरांना गंमत वाटेल, एवढाच हेतू. सुट्टीत बारा दिवस माहेरी काय गेल्या, येऊन बघतात तो जीपमधून अक्षरबाबा आलेले, घरोघर ताबीज वाटलेले, आणि तक्त्याचा देव झालेला.

"यंत्र झूठ नहीं बोलता," बाबा समजावून सांगत होते. "इसमें साक्षात सरस्वती बैठी है. लाल म्हणजे विद्येला बाधा. हिरवं म्हणजे बाधा गेली. डॉक्टर, कलेक्टर, सब इसी हरे रंग से निकलते हैं."

"पुढची," संजय म्हणाला. "राखी लालसिंग."

राखी पुढे आली. छातीशी एक जाडजूड पुस्तक, मुखपृष्ठ फाटलेलं, कडा उंदरानं कुरतडलेल्या. तिच्यामागं तिची याडी, म्हणजे आई, मानीबाई आणि बाप लालसिंग.

"किताबें कितनी?"

"एकच हाये. अजून झालं नाही."

संजयनं शून्य टाकलं. ताबीज टेकवला, बाबा गरजले, ओळ लालच राहिली. बाबांनी एक डोळा उघडून पोरीकडं बघितलं आणि मान हलवली.

"दोन महिन्यात एक किताब नाही? विद्या इसके पास रुकती नहीं. उलट दुसऱ्यांची खेचून घेते. सालभर शाळेपासून दूर ठेवा, नाहीतर सगळ्यांच्या ओळी लाल होतील."

पूनमसिंगच्या आईनं पोराला मागं ओढलं. लालसिंगचा चेहरा उतरला. चारचौघांत पोरीचं असं नाव निघालेलं त्याला सोसेना.

"उद्या सकाळी मावशीसंग मारेगावले जाईन ते," तो बायकोला म्हणाला. "कापसाची वेचणी सुरूच हाये तिकडं. कायले शाळा शाळा करा?"

राखीनं पुस्तक आणखी घट्ट धरलं. वर्गातली सगळ्यात हुशार पोर, आणि तिला शाळेतून हाकलायला निघाला होता सुहासिनी मॅडमचाच तक्ता. त्या तडक पुढे झाल्या.

"संजय, ऊठ. लालसिंगभाऊ, पाच मिनिटं थांबा. सेवादास नाईक, ज्यानं जन्मात पुस्तक वाचलं नाही, असं एखादं नाव सांगा."

तांड्याचे नाईक मिशीत हसले. "माही बकरी हाये ना मॅडम. चांदी. वाचलं नाही तिनं, पन एक खाल्लं हाये."

मॅडमनी नाव लिहिलं, चांदी. पुढं आकडा टाकला, दहा. "आता बघा. मी काही पुटपुटत नाही, देवीला हाक मारत नाही. फक्त हे बटण दाबते."

ओळ हिरवी झाली.

मग खिडकीतून कोणीतरी म्हणालं, "आता चांदी कलेक्टर होते का?" आणि खोली हसायला लागली.

"पूर्वजन्म की विद्या," बाबा घाईनं म्हणाले. "बकरी में भी आत्मा होती है."

"पन ताबीज कुठं हाये तिच्या गळ्यात?" नाईक म्हणाले. "तिच्या गळ्यात तं घंटी हाये."

"आता तुमचं लिहिते, बाबा," मॅडम म्हणाल्या. "किती टाकू?"

"हम किताबों के पार जा चुके हैं."

"म्हणजे शून्य." अक्षरबाबांची ओळ लालभडक झाली.

मानीबाईनं पडद्याकडं बोट केलं. ती म्हणाली, "मंग बाधा तं बाबालेच हाये."

मॅडमनी माऊस फिरवला. पुस्तकांच्या नावांचा रकाना संजयनं लपवून ठेवला होता, तो उघडला. पूनमसिंगनं वाचलेली दहा पुस्तकं पडद्यावर आली. अक्षरबाबा माहात्म्य भाग एक, भाग दोन, भाग तीन, असं करत दहापर्यंत. ताबिजासोबत वाटलेल्या त्या चोपड्या. चार-चार पानांच्या, त्यातली दोन पानं बाबांच्या फोटोची. चहाला उकळी येईपर्यंत एक पुस्तक संपायचं.

"पाहा, ही तुमची देवी," मॅडम म्हणाल्या. "आकडा भरला की रंग बदलायचा, एवढंच या यंत्राला येतं. आकडा खरा की खोटा, पुस्तक जाड की पातळ, ते त्याला कळत नाही. आणि चूक माझीही आहे. मी पुस्तकं मोजली, पानं मोजायला हवी होती."

त्यांनी तिथल्या तिथं तक्ता बदलला. पानांचा रकाना केला, नियमही पानांचा, शंभर पानं झाली की ओळ हिरवी. राखीच्या पुस्तकातली खूण पाहून तिच्या नावापुढं तिनं आजवर वाचलेली पानं टाकली. ओळ हिरवी झाली.

मानीबाईच्या डोळ्यात पाणी आलं. तिनं कुंकवाची डबी काढली आणि पडद्याला टिळा लावायला हात पुढं केला. बाकीच्या बायाही सरसावल्या. नवा चमत्कार! मॅडमना हसावं की रडावं कळेना.

तेवढ्यात लोडशेडिंगची वेळ झाली. पडदा काळा पडला.

"आता?" लालसिंग गोंधळून म्हणाला. "आता कसं समजन पोरीले वाचता येते का नाही?"

"तिलाच विचारा की," मॅडम म्हणाल्या. "बाप आहात तुम्ही. इतके दिवस विचारलं का, काय वाचून राह्यली म्हणून?"

लालसिंग जरा ओशाळला. "काय हाये गं त्याच्यात?"

राखी खिडकीच्या उजेडाशी सरकली. "जहाज हाये बा. लय दूर, बर्फात अडकलं. चारी बाजूनं बर्फ दाबून राह्यला, लाकडं कडकड वाजून राह्यली. खायाचं संपत आलं. कप्तान म्हनते, आधी कुत्र्यांले द्या, गाडी तेच ओढतीन."

खिडकीवरचे लोक गजांना आणखी चिकटले. नाईकांनी विडी पेटवायची राहू दिली. अक्षरबाबा आणि संजय कधी सटकले ते कोणी पाहिलंच नाही, बाहेर जीप सुरू झाल्याचा आवाज तेवढा आला. कुणाला त्यांची आठवणही उरली नव्हती. पोरगं शिकतंय की नाही ते ताबीज सांगत नाही, कॉम्प्युटरचा रंगही सांगत नाही. त्यासाठी पोराजवळ बसून विचारावं लागतं, आणि ते काय सांगतं ते ऐकावं लागतं. एवढी फुकटची गोष्ट सोडून माणसं बाबाच्या रांगेत का उभी राहतात, हे ज्याचं त्यानं तपासावं.

"मंग?" लालसिंगनं विचारलं. "फुटलं का जहाज?"

"मले काय मालूम. इथवरच वाचलं मी. उद्या वाचतो."

"उद्या तं तू मारेगावले..." लालसिंग मधेच थांबला.

सेवादास नाईकांनी कॉम्प्युटरवरचा हार काढून चांदीसाठी काखेत घेतला. लालसिंग बायकोकडं वळला.

"मावशीले निरोप धाड. पोरगी येत नाही म्हनावं." मग राखीच्या हातातल्या पुस्तकाकडं बघत म्हणाला, "अन तू उद्या शाळेतून आली का पयले मले सांगजो, त्या कुत्र्यांचं काय झालं ते."