चार वेळा उसवलेला कोट

बोलतोय तो मी, लांब काळा लोकरी कोट. सिनेमातल्या गुंडाचा. आपली तारीफ आपणच करू नये, पण मी पडद्यावर आलो की भोपाळच्या थेटरात शिट्या वाजायच्या. आणि तोच सिनेमा आठवड्यात उतरला! अजून माझा विश्वास बसत नाही.

जवाहर चौकातल्या दिगंबर मास्तरांनी मला शिवलं, तेही जीव ओतून. कारण सिनेमाचा दिग्दर्शक त्यांचाच मुलगा, अभिजीत. गुंडाच्या प्रेमाची गोष्ट. नोकरी सोडून सात वर्षं त्याने ती जुळवली होती. हा पडला तर दुसरा सिनेमा कोणी देणार नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

हीरो मला घालून तलावाकाठी चालायचा तेव्हा बघत राहावं. मग आला प्रेमाचा सीन. हिरॉइनने माझ्यावर डोकं टेकलं. आत हीरोचं पोट गुरगुरत होतं. ती श्वास रोखून ‘कट’ची वाट बघत होती. मी चाटच पडलो. इतकी देखणी माणसं, आणि उभी कशी? तिकिटाच्या रांगेत अनोळखी लोक खेटून उभे राहतात तशी!

अभिजीतलाही खटकलं. पण शिंप्याचं पोर ते. म्हणाला, "बाबा, कोट खांद्यात ओढतोय, म्हणून सीन बसत नाहीये."

मास्तरांनी मला उसवून खांदा सैल केला. पुन्हा तेच. मग बाही आखूड झाली, मग कॉलर बदलली, मग अस्तर. मे महिन्याच्या उन्हात चार वेळा माझी चिरफाड! दर वेळी मास्तर त्या दोघांकडे बघायचे, ओठांत टाचणी धरायचे आणि मला उसवायला घ्यायचे.

पहिल्या शोला मला थेटरच्या दारात पुतळ्यावर चढवलं होतं. बाहेर पडताना एक मुलगी मैत्रिणीला म्हणाली, "कोट क्या मस्त था यार! पर ये दोनों एक-दूसरे के लिए मर क्यों रहे थे?"

अभिजीत शेजारीच उभा होता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

घरी आल्यावर त्याने विचारलं, "बाबा, दोष कोटात नाही हे तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी."

"मग बोलला का नाहीत?"

"तू कोटाचंच विचारत होतास रे. सिनेमातलं मला काय कळतं, असं वाटलं."

मास्तरांचे डोळे भरून आले. मला माझ्या रुबाबाची लाज वाटली.

आता मी दुकानात खुंटीला असतो आणि अभिजीत मापं घेतो. परवा एक नवरदेव माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "भैया, रिसेप्शन के लिए बिल्कुल ऐसा ही सिल दो."

अभिजीतने टेप हातात घेतली आणि आधी विचारलं, "लड़की से बात-वात होती है?"

तो लाजला. "रोज़. कल तो लड़ भी लिए."

"फिर कोट कैसा भी चलेगा," अभिजीत म्हणाला.

माझ्या तोंडावर! मला धक्काच बसला. पण मंडळी, खरं सांगतो, राग नाही आला.