चौथा रकाना

जन्मली तेव्हा ती इतकी इवलीशी होती की घरात तिचं नाव चिमणी पडलं. तेराव्या वर्षी तिचं वजन आईपेक्षा जास्त भरलं, तरी नाव काही सुटलं नाही. शाळेतल्या पोरींना आयतंच कोलीत मिळालं. ती बाकावर बसायला आली की कुणीतरी हमखास म्हणायचं, "सरका गं, चिमणी उतरतेय." तीही हसायची. हसलं की प्रकरण लवकर मिटतं, हे तिला कळून चुकलं होतं.

मानेमागे काळा पट्टा दिसू लागला तेव्हा आईला वाटलं, पोरगी नीट अंघोळ करत नाही. तिने तो खसाखसा घासला. मान लाल झाली, पट्टा तसाच राहिला. मग डॉक्टर झाले, रक्ताच्या तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, "मळ नाही तो. पोटाचा घेर, रक्तदाब, साखर, रक्तातली चरबी, सगळंच एकदम वर सरकलंय. मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात याला. हल्ली या वयातही दिसतो. पण अजून हातात आहे." आणि गोळ्या लिहून देऊन त्यांनी तिला आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं.

बाई तिला पहिल्या भेटीतच आवडल्या. त्यांनी आईला बाहेर बसवलं. 'इतकं कसं वाढू दिलंस' असं विचारलं नाही. एक वही दिली, चार रकाने आखलेली: किती वाजता, काय खाल्लं, भूक होती का, मन कसं होतं.

"चांगलं लिहू नकोस, खरं लिही," बाई म्हणाल्या. "हे तुझ्यामाझ्यात. तिसरं कुणी वाचणार नाही."

चिमणीने शब्दावर विश्वास ठेवला. आधी चौथ्या रकान्यात 'बरं' नाहीतर 'ठीक' एवढंच यायचं. मग अक्षरं समासात सांडू लागली. 'मंगळवार, साडेसहा. बिस्किटांचा अख्खा पुडा. भूक नव्हती. आई भांडी आपटत होती. एक आवाज, एक बिस्कीट.' आणि एका रविवारी: 'ब्रेडचे पाच तुकडे, साखर लावून. बाबा जिन्यात आत्याला फोनवर म्हणाले, मी फक्त पोरीसाठी इथे राहिलोय. आईला हे सांगितलेलं नाही.'

लिहिलं की जरा हलकं वाटायचं. पुडा अर्धाच संपायचा. दीड महिन्यात घेर दोन सेंटिमीटर उतरला, तेव्हा बाईंनी टेप तिच्या हातात देऊन सांगितलं, "तूच मोज, माझ्यावर विश्वास ठेवू नकोस." दोघी हसल्या.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी ती बाहेरच्या खोलीत गणितं सोडवत होती. आई लाँड्रीतल्या कामावरून आली होती, बाबा लिफ्टच्या दुरुस्तीवरून. स्वयंपाकघरात नेहमीचं सुरू झालं. तिने कानांवर हात ठेवले, तरी आईचा आवाज आत शिरला.

"फक्त पोरीसाठी राहिलायस ना इथे? जिन्यात उभं राहून बहिणीला सांगतोस ना?"

"कोण म्हणालं तुला?"

"तुझ्या लेकीने लिहून ठेवलंय. एक आवाज, एक बिस्कीट. वाच की, तुझ्यापायी काय खाते ती."

चिमणी दारात जाऊन उभी राहिली. आईच्या हातात फोन होता आणि फोनवर वहीच्या पानाचा फोटो. तिचंच अक्षर. बाबांनी वर पाहिलं. नजरेत राग असता तर तिला सोसला असता. बाबा नुसते खजील झाले होते.

"तुला कुणी दिलं हे?" तिने आईला विचारलं.

"बाईंनी पाठवलं. तुझ्याच भल्यासाठी. दिवसभर लोकांची धुणी धुते मी. आपल्या घरातली तू परक्या बाईपुढे काढलीस, त्याचं काय?"

आठ दिवसांनी बाबा बॅग घेऊन आत्याकडे राहायला गेले. जाताना तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "तुझी काही चूक नाही हं." ज्याची चूक नसते त्याला कुणी मुद्दाम असं सांगत नाही, एवढं तिला समजत होतं.

वही मात्र तिने सोडली नाही. टापटीप लिहू लागली. काकडी, उकडलेलं अंडं, अर्धा तास चालणं, मन प्रसन्न. बाई पानं उलटून "शाब्बास" म्हणायच्या. चिमणी मान डोलवायची आणि परत जाताना कोपऱ्यावरच्या दुकानातून पुडा घ्यायची. आता आवाज मोजायला घरात कुणी भांडी आपटत नव्हतं, तरी पुडा संपायचा.

तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं. बाई कधी अहवाल बघत, कधी वही.

"चरबी वाढलीय, साखरही. वहीप्रमाणे तर असं व्हायला नको."

"वही तुमच्यासाठी लिहिलीय," चिमणी म्हणाली. "आणि तुम्ही ज्यांना पाठवता त्यांच्यासाठी."

बाईंचा चेहरा उतरला. "मला वाटलं, आईला कळलं तर घरातलं भांडण थांबेल."

"थांबलं. बाबा गेले."

बाईंनी अहवाल मिटून खाली ठेवला. मग म्हणाल्या, "तुला विचारायला हवं होतं. चुकलं माझं."

चिमणीला वाटलं होतं, हे ऐकलं की छातीतलं ओझं उतरेल. तसं काही झालं नाही. तिने वही टेबलावर सरकवली. "औषध घेईन, चालेन, दर महिन्याला येईन. लिहिणार नाही."

"बरं," बाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच काही समजावायला गेल्या नाहीत.

बाहेर बाकावर बसलेली आई उठली. "काय म्हणाल्या?"

"साखर वाढलीय."

"आणि?"

चिमणीने अहवालाची घडी घालून दप्तरात ठेवली. आईने तो घेण्यासाठी हात पुढे केला होता. हात तसाच राहिला. थोड्या वेळाने आई हलक्या आवाजात म्हणाली, "मी वाचायला नको होतं." चिमणीने ऐकलं. ती रस्त्याला लागली आणि आई चार पावलं मागून चालत राहिली.