आईच्या पाकिटांना हात

आई गेल्यानंतरचा एकोणपन्नासाव्या दिवसाचा विधी आटोपून भिक्षू गेले, आणि र्‍योहेईदादा म्हणाला, "घर विकून टाकू. बाबांना वृद्धाश्रमात ठेवू. त्यांना पेन्शनमध्ये घर चालवणं जमणार नाही. जन्मात कधी भाजी आणलीय त्यांनी?"

खरंच होतं ते. बाबा बस कंपनीत मेकॅनिक होते. पगाराचं पाकीट न उघडता आईच्या हातात द्यायचे आणि तिच्याकडून महिन्याचा हातखर्च घ्यायचे, वीस हजार येन. निवृत्तीनंतरही तेच.

"तीन महिने दे," मी म्हणाले. "महिन्याला दहा हजार शिल्लक पडली नाही, तर वीक."

"कोबेत बसून तू चालवणार का घर?"

"बाबा चालवतील."

"मी इथेच बसलोय हं," संत्रं सोलत बाबा म्हणाले.

आई करायची तशीच, पेन्शनचे पैसे वाटून घालून, पाकिटं मी स्वयंपाकघरातल्या खणात लावली: वाणसामान, वीज-गॅस, औषधं, आहेर आणि सगळ्यात खाली बाबांचा हातखर्च. पाकिटं तिचीच, अक्षरही तिचंच. शेजारी तिची जमाखर्चाची वही. शेवटची नोंद टोफू आणि कांद्याच्या पातीची होती. पुढची पानं कोरी.

महिन्याने आले, तर वाणसामानाच्या पाकिटात पस्तीसच्या पस्तीस हजार! दादाला कळवायला मी फोन काढलासुद्धा. मग चहासाठी दूध घ्यायला फ्रीज उघडला. अर्धा मुळा आणि सूपात घालायच्या मिसोचा डबा, एवढंच. तांदळाच्या डब्याचा तळ दिसत होता. बाबांच्या पट्ट्याला एक नवं भोक होतं, टोच्याने नीट पाडलेलं.

"बाबा, जेवता काय तुम्ही?"

"भात, सूप. रविवारी बांगडा."

"आणि हे पस्तीस हजार?"

"ते तुझ्या आईचं पाकीट. माझं खालचं. एकदा हात लावला होता वरच्याला, तर आठवडाभर बोलली नाही."

"म्हणजे सगळं हातखर्चातून? देव्हाऱ्यातल्या तिच्या फोटोपुढची फुलंही?"

"मग? तिच्याच पैशाने तिला फुलं द्यायची?"

मी फोन पालथा ठेवला. पैज जिंकायला तो आकडा पुरेसा होता. पण ती शिल्लक नव्हती, उपासमार होती.

"उठा," मी म्हणाले. "बाजारात जायचंय."

आईच्या पाकिटातल्या पैशांनी बाबांनी अंडी, पालक, दोन बांगडे घेतले. टोफूच्या किमतीवरून दुकानदाराशी हुज्जत घातली. घरी आल्यावर मी आईची वही त्यांच्यासमोर उघडली. तिच्या शेवटच्या ओळीखाली त्यांनी लिहिलं. अक्षर मोठं, चौकटीबाहेर जाणारं.

"हातखर्च किती लिहू?"

"तुम्हीच ठरवा."

त्यांनी पेन्सिल रकान्यावर टेकवली. "अठरा."

"आई तर वीस द्यायची."

"ती अठराच म्हणत होती. मी भांडून वीस करून घेतले होते." त्यांनी अठरा लिहिले आणि दोन हजार शिलकीच्या रकान्यात टाकले.

संध्याकाळी दादाला फोन केला. "हा महिना धरू नकोस. पुढच्यापासून तीन मोज."

"जमलं नाही ना?"

"जरा जास्तच जमलं."

तीन महिन्यांनी दादा आला. वही पहिल्यापासून वाचली. महिन्याला बारा हजारांच्या खाली शिल्लक नव्हती, आणि बाबांचा पट्टा जुन्या भोकावर आला होता.

"हे काय, दर शुक्रवारी तीनशे साठ?" त्याने विचारलं.

"फुलं," बाबा म्हणाले. "माझ्या अठरातून. घराच्या खर्चात धरू नकोस."

दादाने वही मिटली आणि घराच्या दलालाला फोन लावायला अंगणात गेला. "नको म्हणून सांगतो," जाताना एवढंच म्हणाला.